चोवीस मतं, तीन विजेते आणि सांगोल्याचा बैलबाजार

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. ती अक्कलकोटहून रोज एस.टी.नं सोलापूरला येते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं असं: सूक्ष्म अर्थशास्त्रात मागणी, पुरवठा, खर्च, मक्तेदारी इथवर सगळं एकाला एक लागून येतं. मग शेवटी एकदम असममित माहिती, मतदानाच्या पद्धती आणि वर्तनवादी अर्थशास्त्र असे तीन विषय एकाच प्रकरणात कोंबलेले. त्यांचा एकमेकांशी संबंध काय? वर्गात सांगितलं की केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानं लोकशाही अशक्य असल्याचं गणितानं सिद्ध केलं, ते खरं का? आणि परीक्षेपुरतं पाठ केलं तर चालेल का?

शेवटचं आधी सांगून टाकतो. चालेल. एकतीस वर्षं मी हा विषय शिकवला, पेपरांचे गठ्ठे तपासले आणि पाठ केलेल्या उत्तरांना मार्कही दिले. पण ज्यांनी पाठ केलं त्यांना पुढच्या वर्षी 'नैतिक जोखीम' म्हणजे काय विचारलं, तर 'माणसानं प्रामाणिक असावं' इथपासून सुरुवात व्हायची.

संबंध असा आहे, बाळ. आधीच्या सगळ्या प्रकरणांत आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरून चाललो होतो: ज्याला जे कळायला हवं ते त्याला कळतंय. विकणाऱ्याच्या मालात काय आहे हे घेणाऱ्याला कळतं. लोकांना काय हवंय हे किमतीवरून सगळ्यांना कळतं. आणि आपल्याला काय हवंय हे ज्याचं त्याला तरी नक्कीच कळतं. शेवटच्या प्रकरणात ही गृहीतं एकेक करून काढून घेतली आहेत. पहिल्यात समोरच्याच्या पोटातलं कळत नाही, दुसऱ्यात घोळक्याच्या मनातलं कळत नाही, तिसऱ्यात स्वतःचंच स्वतःला धड कळत नाही. माझ्या मते या तिघांत पहिलं सर्वांत भक्कम आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवतो.

आमचे वडील मंगळवेढ्याकडचे, कोरडवाहू ज्वारीवाले. लहानपणी त्यांच्याबरोबर सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराला जायचो. खिलार बैल बघताना ते आधी दात बघायचे, मग खूर, मग चालवून बघायचे. दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. एवढं सगळं करूनही एक गोष्ट दिसत नसे: हा बैल नांगराला जुंपल्यावर मध्येच बसतो का? ते फक्त मालकाला ठाऊक. आता आकडे धरू. चांगला बैल घेणाऱ्याला ८० हजारांचा वाटतो आणि त्याचा मालक ७० हजारांच्या खाली सोडत नाही. खोडीचा बैल घेणाऱ्याला ४० हजारांचा, मालक ३० हजारांना सोडतो. बाजारात दोन्ही निम्मेनिम्मे आहेत आणि बाहेरून सारखेच दिसतात. मग शहाणा गिऱ्हाईक सरासरी काढून ६० हजारांच्या वर जाणार नाही. ६० हजारांना चांगल्या बैलाचा मालक दावं सोडायला तयार नाही, तो बैल घेऊन घरी जातो. उरले खोडीचे. हे गिऱ्हाईकालाही कळतं, म्हणून भाव ४० हजारांवर येतो. चांगला बैल विकायला मालक राजी, घ्यायला गिऱ्हाईक राजी, दोघांचाही फायदा, तरी व्यवहार होत नाही.

जॉर्ज ॲकरलॉफनं १९७० साली हेच जुन्या मोटारींवरून मांडलं. तो लेख आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. २००१ मध्ये ॲकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिगलिट्झ या तिघांना मिळून नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकात सहसा न येणारी गोष्ट अशी की या लेखात आपला देशही आहे. ॲकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होता, आणि लेखात खेड्यातल्या सावकारावर एक भाग आहे. सावकार एवढं व्याज कसं लावू शकतो? बाहेरचा कोणी स्वस्तात पैसा आणून गावात कमी व्याजानं का वाटत नाही? कारण कोण पैसे परत करणारा आणि कोण बुडवणारा हे सावकाराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. बाहेरच्याच्या दारात नेमके सावकारानं हाकललेलेच आधी येऊन उभे राहतात. मी हे शिकवत असताना एका वर्षी माळशिरसकडचा एक पोरगा म्हणाला, ''सर, हे तर आमच्या गावातलंच सांगूलालाव की!'' त्याच्या वडिलांचा अनुभव माझ्या फळ्यापेक्षा जुना होता.

बाजार मात्र पूर्ण बंद पडत नाही, कारण लोक वाटा काढतात. ओळखीतला मालक सांगतो, ''आठ दिवस जुंपून बघा, पटला तर उरलेले पैसे द्या.'' हे वाक्य खोडीच्या बैलाचा मालक बोलू शकत नाही, कारण तिसऱ्या दिवशी बैल परत त्याच्या दारात येईल. मायकेल स्पेन्सच्या १९७३च्या लेखातला 'संकेत' तो हाच. चांगल्याला स्वस्त आणि वाइटाला महाग पडतो, तोच संकेत. त्यानं तो नोकरी आणि पदवीबद्दल मांडला होता. पदवीनं हुशारी वाढते की नाही हा वेगळा वाद, पण पदवी मिळवणं आळशाला जास्त जड जातं एवढ्यावरही ती मालकाला उपयोगी पडते. (तुला हे वाचून वाईट वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.)

हीच कसोटी आपल्या चादरीला लाव. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक निर्देशांक आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येतं असं सरकारी मानांकन. पण परगावच्या बाजारात दुसरीकडचा हलका माल 'सोलापुरी' म्हणून गठ्ठ्यानं विकला जातो. पूर्व भागातले माझे एक पद्मशाली स्नेही यंत्रमाग चालवतात. ते चिडून म्हणतात, निर्देशांक मिळाला, पुढं काय? त्यांच्या चिडण्यामागचं अर्थशास्त्र बरोबर आहे. लेबल छापायला खऱ्याला जेवढा खर्च, तेवढाच खोट्याला. म्हणजे नुसतं लेबल हा संकेत नव्हे. खोटं लेबल लावणाऱ्याला दंड बसेल, माल जप्त होईल, तेव्हा ते लेबल वाइटाला महाग पडू लागेल आणि मगच संकेत होईल.

आता ज्याच्यात निम्मा वर्ग गोंधळतो ते. प्रतिकूल निवड ही व्यवहाराच्या आधीची अडचण: माल किंवा माणूस कसा आहे हे लपलेलं असतं. नैतिक जोखीम ही व्यवहाराच्या नंतरची: माणूस पुढं काय करतो हे दिसत नाही. 'नैतिक' या शब्दानं फसू नकोस. ज्याचं नुकसान दुसरा भरून देणार आहे तो थोडा सैल होतो, तो वाईटच असावा लागत नाही.

पीक विम्यात दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६च्या खरिपापासून आली. तेव्हा पीककर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता, २०२०च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. सक्ती असली की ज्याचं रान पाण्याखाली आहे तोही येतो आणि ज्याचं दरसाल वाळतं तोही. ऐच्छिक केलं की ज्याला धोका जास्त तो आधी रांगेत उभा राहतो. ही प्रतिकूल निवड. मग २०२३च्या खरिपात आपल्या राज्यानं शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला. आता हप्ता सगळ्यांनाच फुकटासारखा, तेव्हा निवडीचा प्रश्न मिटला असं वाटेल. पण भाव म्हणजे एक चाळणीही असते. एक रुपयात चाळणीच राहिली नाही, दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवर काढलेल्या विम्यांची ओरड झाली, आणि २०२५च्या खरिपापासून पुन्हा टक्केवारीचा हप्ता आला: खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच.

नैतिक जोखमीचा बंदोबस्त मात्र योजनेच्या पोटातच आहे, आणि तो मला फार हुशारीचा वाटतो. उत्पन्न घटल्याची भरपाई तुझ्या एकट्याच्या रानावरून ठरत नाही, ती महसूल मंडळातल्या पीककापणी प्रयोगांच्या सरासरीवरून ठरते. त्यामुळे एखाद्यानं मुद्दाम खुरपणी टाळली तर त्याला जास्त पैसे मिळत नाहीत, कारण एकट्यानं मंडळाची सरासरी पडत नाही. पण याची किंमत कोण मोजतो? ओढ्याकाठचा, ज्याचं एकट्याचं पीक वाहून गेलं आणि मंडळाची सरासरी शाबूत राहिली. तो तहसीलसमोर बसून विचारतो, माझं गेलेलं दिसत नाही का? दिसतं. नियम तसा केला आहे कारण एकेकट्याचं खरं आणि खोटं वेगळं करायला लागणारी माहिती कोणाकडेच नाही. २०२५च्या खरिपाआधी आपल्या राज्यात स्थानिक आपत्तीत वैयक्तिक पंचनाम्याची सोय होती, पण तिथं हीच अडचण पुन्हा हजर व्हायची. परीक्षेत असं एक उदाहरण पूर्ण लिहिलंस तर व्याख्या न लिहिताही चालेल.

मतदानाकडे वळू. इथं तुझ्या सरांचं वाक्य अर्धं बरोबर आहे आणि अर्धं धोक्याचं.

जुळे सोलापुरात आमची चोवीस सदनिकांची सोसायटी. मी खजिनदार होतो तेव्हा शिल्लक पैशातून एकच काम होणार होतं: पाण्याची मोठी टाकी, इमारतीला रंग किंवा छतावर सौर पॅनेल. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टाकी हा वाद व्हायचा विषय नाही असं मला वाटलं होतं. मी प्रत्येकाकडून पसंतीक्रम लिहून घेतला. १० जणांचा क्रम टाकी, रंग, सौर. ९ जणांचा रंग, सौर, टाकी. ५ जणांचा सौर, टाकी, रंग. कागद काढ आणि मोज. पहिली पसंती ज्याला सर्वाधिक तो जिंकला म्हटलं, तर टाकी, १० मतांनी. पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक, तिसरीला शून्य असं बोर्डा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या पद्धतीनं मोजलं, तर टाकी २५, रंग २८, सौर १९. रंग जिंकला. आता दोघादोघांची झुंज लाव. टाकी विरुद्ध रंग: टाकी १५-९. रंग विरुद्ध सौर: रंग १९-५. मग टाकी सौरला सहज हरवेल? नाही. सौर विरुद्ध टाकी: सौर १४-१०. टाकी रंगाला हरवते, रंग सौरला, सौर टाकीला. गोल गोल. एकेका माणसाची पसंती सरळ आहे, पण चोवीस जणांची मिळून सरळ होत नाही. फ्रेंच विचारवंत कोंडोर्सेनं १७८५ मध्ये दाखवलेला विरोधाभास तो हाच.

आमच्या अध्यक्षांनी कोंडोर्से वाचला नव्हता, पण सभा चालवायचा अनुभव होता. त्यांना सौर हवं होतं. ते म्हणाले, ''आधी टाकी की रंग ते ठरवा, मग जे जिंकेल ते आणि सौर यात हात वर करा.'' अगदी लोकशाही पद्धत! टाकीनं रंगाला हरवलं, सौरनं टाकीला. या चक्रात जो पर्याय शेवटी ठेवशील तो जिंकतो, पटत नसेल तर रंग शेवटी ठेवून बघ. सभेची कार्यक्रमपत्रिका कोण लिहितो याला महत्त्व का, ते मला त्या संध्याकाळी गच्चीवर कळलं. माझ्या मनात टाकी होती हे वेगळं सांगत नाही.

आता ॲरो. केनेथ ॲरोनं १९५१ मध्ये सिद्ध केलं ते असं: पर्याय तीन किंवा जास्त असतील, आणि लोकांच्या केवळ क्रमांवरून समाजाचा एक सुसंगत क्रम लावायचा असेल, तर काही साध्या अटी एकाच वेळी पाळणारी एकही पद्धत नाही. अटी अशा: लोकांचा क्रम कोणताही असला तरी पद्धत चालली पाहिजे, सगळ्यांना एक गोष्ट दुसरीपेक्षा जास्त आवडत असेल तर समाजाचाही कौल तोच असावा, कोणी एक हुकूमशहा नसावा, आणि दोन पर्यायांमधला निकाल तिसऱ्या पर्यायावर अवलंबून नसावा. शेवटची अट पोरांना अवघड जाते, पण आमच्याच आकड्यांत ती मोडलेली दिसते. बोर्डाच्या मोजणीत रंग टाकीच्या पुढं होता. सौर यादीतून काढून टाक, कोणाचंही मत बदलू नकोस, आणि पुन्हा मोज: टाकी १५, रंग ९. या गुणांच्या मोजणीत सौर जिंकतच नव्हतं, पण त्याच्या नुसत्या असण्यानं निकाल फिरला होता.

यातून 'लोकशाही अशक्य' निघत नाही. निघतं एवढंच की कोणतीही पद्धत काहीतरी सोडूनच चालते, आणि काय सोडलं ते माहीत असावं. शिवाय दोन दारं उघडी आहेत. एक डंकन ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञाचं, १९४८चं. प्रश्न एकाच मापावरचा असेल, म्हणजे देखभाल खर्च महिना ५०० घ्यायचा, ८०० की १२००, आणि प्रत्येक जण आपल्या आवडत्या आकड्यापासून लांब जाईल तसा नाखूश होत असेल, तर चक्र होतच नाही. मधल्या मतदाराचा आकडा जिंकतो. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलं पहिल्या उचलीचा, म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्याचा, जवळजवळ सारखाच आकडा का जाहीर करतात, ते इथून उमगतं. दुसरं दार अमर्त्य सेन यांचं. त्यांनी दाखवलं की ही अडचण मोठ्या अंशी माहितीच्या दुष्काळातून येते. ॲरोच्या चौकटीत फक्त क्रम चालतो, तीव्रता चालत नाही. आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, तिथल्या आजी बादल्या वाहून दमायच्या. त्यांचं 'टाकी' आणि कोणाचं तरी 'रंग बरा दिसेल' ही दोन्ही मतं मतपत्रिकेवर एकाच वजनाची. म्हणून म्हणतो, हा विषयही माहितीचाच आहे.

पसंतीक्रमाची मतं आपल्याकडे मोजलीच जात नाहीत असं समजू नकोस. राष्ट्रपतींची निवडणूक तशीच होते. १९६९ मध्ये पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांना, १,१२,७६९ इतक्या मूल्याची मतं पडली. निम्म्याहून जास्त कोणालाच नव्हती, म्हणून पुढच्या पसंत्या मोजल्या. देशमुखांच्या बहुतेक मतदारांची पुढची पसंती रेड्डी होते. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. विजेता तोच राहिला, पण ८८ हजारांचं अंतर १५ हजारांच्या आत आलं.

वर्तनवादी अर्थशास्त्राबद्दल माझं मत जरा थंड आहे, ते सांगून ठेवतो. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचं १९७९चं काम पक्कं आहे: माणूस नफा-तोटा एका खुणेपासून मोजतो, आणि तोटा त्याला तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो. पण प्रत्येक चुकीला हे लेबल लावायची पोरांना फार घाई. सोलापूर बाजार समितीत कांद्याचा भाव पडला आणि शेतकऱ्यानं माल रोखला, की लगेच 'तोट्याची भीती' असं लिहितात. कांदा कोणता ते आधी विचार. उन्हाळी कांदा कांदाचाळीत महिनोन्‌महिने टिकतो, तो राखणं हा हिशेब असू शकतो. लाल कांदा टिकत नाही. मागच्या आठवड्याचा भाव मनात धरून लाल कांदा घरात सडवणारा माणूस मात्र कानेमानचा. आणि या शाखेत चकचकीत प्रयोगही बरेच झाले. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक खरं लिहितात, असा एक गाजलेला निष्कर्ष होता. त्यामागचे आकडे बनावट निघाले आणि २०२१ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. मीही तो वर्गात हौसेनं सांगितला होता.

मला या भागात खरं पटतं ते भिशीमुळं. आमच्या गल्लीत विडी वळणाऱ्या बारा जणींची भिशी आहे, महिना ५०० रुपये, दरमहा एकीला ६०००. शेवटचा नंबर लागणारी बाई वर्षभर बिनव्याजी पैसे भरते. पुस्तकी माणूस म्हणेल, बँकेत टाक, व्याज मिळेल. ती म्हणते, घरात पैसा राहत नाही. उद्याचा आपला मोह तिला आज माहीत आहे, म्हणून ती बाकी अकरा जणींना पहारेकरी करते. पण याच भिशीत बैलबाजारही आहे: पहिला नंबर घेऊन पुढं हप्ता थांबवणारी कोण, हे चालकबाईला ओळखावं लागतं. म्हणून नवीन आलेलीला पहिल्या वर्षी शेवटचाच नंबर, आणि जुन्या बायांमध्ये चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठ्या का, मत का घेत नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, मत घेतलं की भांडणं होतात.

परीक्षेत दहा मार्कांना आलं तर व्याख्या दोन ओळींत संपव आणि आकड्यांचा तक्ता काढ. बैलांचा किंवा सोसायटीचा, तुझा स्वतःचा असला तर उत्तम. १९६९चे आकडे घालणार असशील तर बेरीज तपासून घाल. एका वर्षी मी फळ्यावर गिरी आणि रेड्डी यांची मतं उलटी लिहिली होती, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ''सर, मग राष्ट्रपती कोण झाले?''